घासलेली संगीन

माझ्या नवऱ्याला अमरावतीत सगळे पियुष सर म्हणतात. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवतात ना! रागात असले की मीही सरच म्हणते. सध्या दुसरं काही तोंडातून निघतच नाही.

वलगावला माहेरी माझे वडील, केशवराव, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या वडिलांनी लढाईवरून एक संगीन आणली होती. बंदुकीच्या तोंडाला लावायचं हातभर लांब पातं. आजोबा लवकर गेले, त्यांचा फोटोसुद्धा नाही. बाबांना बाप म्हणून दाखवायला तेवढी एकच वस्तू. दर खंडेनवमीला ती पाटावर मांडायची, झेंडू वाहायचा, आणि बाबांनी आधी तिला हात जोडायचे, मग देवाला. यंदा उन्हाळ्यात परगावाहून येऊन घर रंगवताना माझ्या भावानं, देवानंदनं, जुनी पत्र्याची पेटी न उघडताच भंगारात दिली. संगीन तिच्यातच होती.

नवरात्र बसलं आणि बाबांना हे कळलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं. चमचा नेला की मान भिंतीकडे; घोटभर पाणी तेवढं घ्यायचे. "खंडेनवमीले ते पाटावर दिसली त जेवीन," एवढंच बोलले. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस निभणार नाही. माझा जीव टांगणीला लागला.

भंगारवाल्याला गाठलं. त्याचा माल अकोल्याला गेला होता, जुन्या शहरात, जुन्या वस्तू विकणाऱ्या जानरावकडे. बाबांना सोडून मला हलता येईना, म्हणून सर गेले. त्यांनी आमची संगीन पाहिलीच असेल तर झेंडूत बुडालेली. पण मोबाईलवर जुन्या हत्यारांचे व्हिडिओ बघून बघून पंडित झाले होते.

"घेण्याआधी मले सांगजा, ते कशी होती ते," मी म्हटलं.

"अस्सल-नकली मले समजते. तू काहून टेन्शन घेऊन राहिली?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! दुपारी फोटो आला. काळपट, गंजकं पातं; बुडाशी बाण, मुकुट आणि साल यांचे सरकारी ठप्पे. इतके महिने भंगारात पडून गंजली असेल, असं मला वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

संध्याकाळी सरांनी ती बाबांच्या डाव्या हातात दिली. बाबांचा अंगठा पात्याच्या बुडाशी गेला आणि थांबला.

"जावईबुवा, इथं त अक्षरं लागून राहिली."

"तेच त खरेपणाची खूण हाये, बाबा."

"आपलीवर कुठी अक्षरं होती? माह्या मायनं, मंग हिच्या मायनं, मंग हिनं, घासू घासू केव्हाच मिटवली."

खरंच की! खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चिंच, राख आणि विटेचा भुगा घेऊन मीच बसायची. पात्यात तोंड दिसेपर्यंत आई उठू द्यायची नाही. मूठ फुटली तेव्हा बाबांनी बाभळीची बसवली होती, तीही मला आठवली.

सरांचा चेहरा उतरला. "तशी एक होती तिथं," ते हळूच म्हणाले. "चकचकीत. ठप्पे नाही, मूठ गावठी. मीच जानरावले सुनावलं, भाऊ, जुनं लोखंड असं चमकते का? असा नकली माल कोणाले दाखवून राहिले?"

म्हणजे आमची संगीन यांच्या हातात आली होती, आणि यांनी तिला नापास करून परत फळीवर ठेवली होती. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. बाबा ऐकत होते, तरी मी बोलले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ललिताकाकूंना बाबांजवळ बसवलं आणि आम्ही दोघं पहिल्या एसटीनं अकोल्याला गेलो. मोर्णा नदीचा पूल ओलांडेपर्यंत मी देवीला एकच मागत होते, कोणी विकत नेलेली नसू दे. देवीनं ऐकलं म्हणायचं.

"या सर, या!" जानराव हसला. "तुमी सांगतलं तसं सारं करून टाकलं."

फळीवर संगिनी मांडलेल्या. सगळ्या गंजक्या, सगळ्यांवर बाण, मुकुट, साल. मुठीही एकसारख्या.

"ते चमकणारी कुठी हाये?" मी विचारलं.

"ह्यातच हाये, ताई. सर गेल्यापासून एकही विकली नाही. सरचं बोलणं मले पटलं. ॲसिडात बुडवली, ठप्पे मारले, मूठ बदलली. आता कोणी नकली म्हणून दाखवा!"

"ह्यातली कोणती?"

त्यानं एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. मग डोकं खाजवत म्हणाला, "आता कसं सांगू, ताई? साऱ्या सारख्याच दिसून राहिल्या."

"आणि जुनी मूठ?"

"चुलीत गेली ना."

सरांनी खिशातून पाकीट काढलं. आम्ही सगळ्या घेतल्या.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी अंगणात चिंच, राख आणि विटेचा भुगा घेऊन बसले. मनाशी म्हटलं, एवढी वर्षं घासली, आपली असेल ती हाताला कळेलच. पहिली उजळली. दुसरी उजळली. मग सगळ्याच उजळल्या. हाताला काही म्हणता काही कळलं नाही. सर शेजारी पाणी ओतत होते.

सकाळी सगळ्या पाटावर ओळीनं मांडल्या, झेंडू वाहिला. बाबांना उशीला टेकवून बसवलं. मी मऊ भाताची वाटी घेऊन जवळ बसले.

"ह्यातच हाये, बाबा," मी म्हटलं. "आईची आण, ह्यातच हाये."

बाबांनी डावा हात कपाळापर्यंत नेला. नजर पहिलीपासून शेवटच्यापर्यंत गेली आणि परत फिरली. हात कपाळाशीच राहिला.

"साधने," ते म्हणाले, "नमस्कार कोणतीले करू?"