बी शिफ्टला भोपळा

"यस," जालिंदर मामा म्हणाले.

मी इंग्रजीत विचारलं होतं, तुम्हाला मुलं किती?

"मामा, किती ते सांगा."

"यस, मॅडम." या वेळी त्यांनी मानही तुकवली.

मी ऋतिका, शिरूरची. कंपन्यांमध्ये जाऊन कामगारांचं इंग्रजी कितपत आहे ते ठरवायचं, हे माझं काम. शून्यापासून चारपर्यंत पातळ्या असतात. माणूस समोर बसून दोन वाक्यं बोलला की मला त्याची पातळी कळते, असा माझा तोरा आहे आणि तो मी लपवतही नाही. त्या दिवशी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बी शिफ्टची परीक्षा होती. तिथे परदेशातून रसायनं बनवायचा नवा रिअ‍ॅक्टर आला होता. काही बिघडलं की तो इंग्रजीतून सूचना द्यायचा, आणि फारच अडलं तर तिकडचा इंजिनिअर फोनवर बोलायचा. म्हणून कंपनीनं ठरवलं, किमान दुसरी पातळी असेल त्यानंच रिअ‍ॅक्टरवर उभं राहायचं. बाकीच्यांनी पॅकिंगला जायचं. पगार तोच राहणार होता. पण बाहेरच्या बाकावर माणसं ज्या तोंडानं बसली होती त्यावरून पॅकिंगला जाणं किती कमीपणाचं ते मला कळलं.

मामा शिफ्टमध्ये सगळ्यांत जुने. त्यामुळे पोरांनी त्यांनाच आधी आत पाठवलं. पंगतीत पहिलं पान द्यावं तसा मान दिला होता. परीक्षेत कसला आलाय मान? पण ते त्यांना कोण सांगणार!

मी बाजाराचं चित्र पुढे सरकवलं. मामांचा चेहरा खुलला.

"मार्केट!"

"छान. आणखी काही?"

"गुड मार्केट." थोडा विचार करून ते म्हणाले, "यस."

मी चुचकारलं, हळू बोलले, हातवारे केले. अहो, एक वाक्य! एका पूर्ण वाक्यावर मी त्यांना पहिली पातळी दिली असती. अर्थात पहिलीनंही ते रिअ‍ॅक्टरवर राहिले नसते, पण निदान शून्य तरी लागलं नसतं. माणूस इतका गोड होता की मला माझाच राग यायला लागला.

"किती झालं, मॅडम?" त्यांनी मराठीत विचारलं.

"शून्य, मामा."

"बरं." ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर गेले. "भोपळा मिळाला रं मला!" बाहेर ते हसत सांगत होते. बाकावरचं कुणीच हसलं नाही.

मग म्हाळू आला. मुलं किती? "यस." चित्र दाखवलं. "गुड मार्केट." त्याच्यामागून ईश्वर. त्याचंही "यस" आणि "गुड मार्केट." आता मात्र मला शंका यायला लागली.

चौथा विक्रम. ह्याला मी दुपारी गेटवरच ऐकलं होतं. फोनवर त्या परदेशी इंजिनिअरला तो म्हणत होता, "डोन्ट वरी सर, आय विल चेक द प्रेशर अँड कॉल यू बॅक." अगदी सफाईनं, न अडखळता. तोच पोरगा आता माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता.

"यस, मॅडम," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "विक्रम, माझ्या कपाळावर बावळट असं लिहिलंय का?"

त्यानं मान आणखी खाली घातली.

"अरे, सगळे शून्य निघालात तर सगळी शिफ्ट पॅकिंगला जाईल. तुमच्या जागी बाहेरची माणसं आणतील. कळतंय का?"

"कळतंय." त्यानं दाराकडे बघून आवाज खाली केला. "मॅडम, मी हितं लागलो तवा मला व्हॉल्व बी उघडता येत न्हवता. मामांनी हाताला धरून शिकवलं. आमी दोघं भांडगावचं, रोज एका गाडीवर येतो-जातो. मामांना भोपळा आन् मला तीन, ह्ये तोंड घिऊन त्यांच्या मागं गाडीवर कसा बसू? बाहेर सगळ्यांचं ठरलंय. मामा जिथं, तिथं आमी."

रागवावं की पाठ थोपटावी, तेच कळेना.

"ऊठ," दारातून आवाज आला. मामा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मघाचा यस म्हणणारा माणूस तो हाच का, असं वाटावं इतका त्यांचा आवाज चढला होता. "कुणी सांगितलं रं तुमाला माझ्यापायी मुकं व्हायला? त्ये मशीन इंग्रजीत बोंबलंल आन् तुम्ही माझा मान राखत बसाल व्हय? हितं चुकलं तर मान ठेवायला माणूस ऱ्हात न्हाई. म्हाळू! ईश्वर! या समदे आत!"

सगळे आत आले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

मामा माझ्याकडे वळले. आवाज एकदम खाली आला. "मॅडम, पोरं चुकली. पुन्यांदा घ्या परीक्षा. मी हितंच बसतो, बघू कोण लबाडी करतो ते."

नियमात असलं काही बसत नाही. पण गेला नियम चुलीत! मी परीक्षा पुन्हा घेतली. मामा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. म्हाळू दोनवर गेला, ईश्वरही दोनवर. एकेकाचं झालं की मामा माझ्याकडे बघायचे, मी बोटं दाखवायचे आणि ते खूश व्हायचे.

शेवटी विक्रम राहिला. मी इंग्रजीत विचारलं, तुला काम कुणी शिकवलं?

तो बोलायला लागला. एक माणूस आहे, म्हणाला. माझा बाप गेला त्या वर्षी मी इथे लागलो. पहिल्यांदा गॅस गळला तेव्हा ह्या माणसानं मला मागे ढकललं आणि स्वतः पुढे गेला. त्याच्याशिवाय मी त्या मशीनपुढे कधीच उभा राहिलेलो नाही. आजपासून राहावं लागेल. मला भीती वाटते.

तो हे सगळं भिंतीकडे बघत बोलला. मला समोरचा कागद दिसेना, डोळे भरून आले होते. मामा कौतुकानं ऐकत होते.

"फाडफाड बोलतोय की!" ते म्हणाले. "कशाचं सांगत व्हता रं?"

विक्रमनं मान वळवली नाही. "मशीनचं, मामा."

"किती, मॅडम?"

मी तीन बोटं वर केली. मामांनी मांडीवर थाप मारली. "बघा! आमच्या भांडगावचा हाय!"

सांगावंसं फार वाटलं. पण विक्रमनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

शिफ्टचा भोंगा झाला. पोरं मामांच्या पाया पडायला वाकली, तर ते ओरडले, "सरका तिकडं, मी काय मेलो का? जा कामावर!" पोरं गेली.

परत जाताना वाटेत पॅकिंगची शेड लागली. दारात मामा उभे होते. त्यांनी बूट पुसून घेतले होते, शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. आत त्यांच्या नातीच्या वयाची एक मुलगी खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

"पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "मी कुठं उभं राहू?"

तिनं कोपऱ्याकडे हात केला. मामा तिथे जाऊन उभे राहिले.