छपरावरच्या मोटारीचे पहिले हँडल

मी एक जुनी मोटार आहे आणि आयुष्याची अकरा वर्षे मी एका दुकानाच्या छपरावर काढली आहेत. हसू नका, मित्रांनो! छपरावर मांजरे बसतात, कबुतरे बसतात, मग मोटार बसली तर कुठे बिघडले?

कारखान्यातून आले तेव्हा मी गर्द निळी होते. दुकानात काचेमागे उभी राहिले की जाणारे-येणारे थबकत. आमच्या कंपनीच्या गाडीसाठी तेव्हा लोक नंबर लावून वर्षभर थांबत. पुढे दुसऱ्यांच्या हलक्या, चपळ गाड्या आल्या. आमची कंपनी मात्र जुन्या तोऱ्यातच राहिली आणि गिऱ्हाईक रोडावले. तेव्हा दुकानाच्या मालकांनी ठरवले, की एक गाडी थेट छपरावर चढवायची, म्हणजे चौकातून सगळ्यांना दिसेल. जाहिरातीसाठी निवड माझी झाली. मी तर हरखूनच गेले.

"काका, हिचं इंजिन काढून ठेवा," मालक म्हाताऱ्या मिस्त्रींना म्हणाले. "शोभेच्या बाहुलीला इंजिन कशाला?" एवढे सांगून ते परगावी गेले. काकांनी इंजिन काढलेच नाही. मला तसेच क्रेनने वर चढवले.

माझी हौस पहिल्याच उन्हाळ्यात फिटली. रंग विटला, टपावर कबुतरांनी संसार मांडला आणि वर्षभरात लोकांनी मान वर करणेही सोडले. दर रविवारी दुकान बंद असताना काका मात्र शिडी लावून वर येत. मालकांना वाटे, म्हातारा धूळ पुसायला जातो. काका प्लगच्या भोकांतून थोडे तेल सोडत आणि पुढून हँडल घालून माझे इंजिन हाताने चार वेळा फिरवत.

"गंजू नकोस, बाई," ते म्हणत. "बाकीचं बघून घेऊ."

अकराव्या वर्षी बातमी पसरली, की कंपनी बुडत आहे, आता सुटे भागही मिळायचे नाहीत. रस्त्यापलीकडे नव्या गाड्यांचे दुकान होते. त्याचा दुकानदार भर चौकात ओरडला, "समोरची गाडी छपरावरच बरी! खाली आली तर ढकलायला माणसं लागतील!"

हे मालकांच्या जिव्हारी लागले. रागाच्या भरात त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: 'रविवारी सकाळी दहा वाजता छपरावरची गाडी खाली उतरेल आणि पहिल्याच हँडलला सुरू होईल. न झाल्यास दुकानाला कायमचे कुलूप.'

जाहिरात छापून आली त्या सकाळी मालक धापा टाकत शिडी चढून वर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच! काका आधीच वर येऊन माझा आरसा पुसत होते.

"काका, मेलो! हिचं इंजिन मीच काढायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत."

"मग?"

"मला तेव्हाही जरा कमीच ऐकू यायचं," काका म्हणाले आणि त्यांनी माझे बॉनेट उघडले.

मालकांनी वाकून इंजिनाला हात लावून पाहिला. मग हळूच म्हणाले, "पण होईल का हो सुरू?"

"अकरा वर्षं हिच्या पोटात पेट्रोलचा थेंब नाही. खोटं कशाला बोलू? मलाही ठाऊक नाही."

रविवारी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरचा दुकानदार तर पांढरा शर्ट घालून, खुर्ची टाकून अगदी माझ्या मागेच बसला होता. क्रेनने मला नुकतेच खाली टेकवले होते. मी दगा दिला असता तर काकांसह सहा कारागीर उघड्यावर पडले असते.

काकांनी नवी बॅटरी जोडली, पेट्रोल ओतले. हँडल धरले.

एकच झटका!

मी खोकले, थरथरले आणि अशी गरजले, की दुकानाच्या छपरावरची कबुतरे भुर्रकन उडाली. काकांनी सगळे साफ केले होते, फक्त सायलेन्सरचे तोंड बघायचे राहिले होते. चिमण्यांनी त्यात कोंबलेल्या अकरा वर्षांच्या काड्या काजळीसकट त्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसल्या. चौक हसून लोटपोट झाला. मालकांनी काकांना कडकडून मिठी मारली आणि दोघांना बसवून मी चौकाला तीन फेऱ्या मारल्या. कोणी ढकलले नाही हो!

कंपनी काही वाचली नाही. दोन वर्षांत कारखाना बंद पडला. पण आमचे दुकान? तिथे आता जुन्या गाड्या दुरुस्त होतात आणि दारात रांग असते. परवा समोरचा दुकानदारसुद्धा आपल्या वडिलांची गाडी घेऊन आला. ती आमच्याच कंपनीची निघाली! रांग बाजूला ठेवून काकांनी तिलाच आधी हात लावला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे यंत्र शोभेला ठेवलेले असेल. नुसते पुसू नका, अधूनमधून फिरवतही जा. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून दर रविवारी मालक स्वतः हँडल मारतात. काका शेजारी स्टुलावर बसून ऐकतात. माझा आवाज त्यांना अगदी स्वच्छ ऐकू येतो.