ठेंगू घोड्यांचं वर्षाचं गवत

हेरंबराव दिघ्यांना गवतातलं कळायचं. गंजीभोवती एक फेरी मारायची, कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर गवत ओढून हुंगायचं आणि सांगून मोकळं व्हायचं की एवढं चांगलं, एवढं कुजकं, अमक्या महिन्यापर्यंत पुरेल. बडोद्याच्या पागेत त्यांचा शब्द खाली पडत नसे. आणि हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, तीच तर गोम होती.

वर्ष संवत छप्पन्नचं. छप्पनियो म्हटलं की गुजरातेतली म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं बोलता बोलता गप्प व्हायची, ते वर्ष. पाऊस आलाच नाही. विश्वामित्रीच्या पात्रात धूळ उडत होती. शहराच्या मधोमध मांडवी दरवाजाखाली खेड्यापाड्यांतून आलेली माणसं बसलेली असायची, नुसती बसलेली. मागायला हात वर करावा एवढंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. गुरं तर त्यांच्या आधीच गेली होती.

अशा दिवसांत पागेचे कारभारी जयवंतराव यांनी हेरंबरावांना बोलावून घेतलं.

"हेरंबराव, मांजलपूरच्या आवारात ती चार ठेंगू घोडी आहेत ना? त्यांना वर्षाला गवत लागतं तरी किती?"

ही घोडी विलायतेहून बोटीत घालून आणलेली. राजवाड्यातल्या मुलांना बसायला म्हणून. मुलं वाढली, घोडी कमरेएवढीच राहिली. डोळ्यांवर झिपऱ्या, पोटं गोल, स्वभाव हट्टी. मग त्यांना शहराबाहेर मांजलपुरास नेऊन ठेवलं, आणि दोन-तीन वर्षांत सगळे त्यांना विसरूनही गेले.

"मोजून सांगतो," हेरंबराव म्हणाले.

"नीट मोजा. या गवतापासून पुढच्या गवतापर्यंत, पूर्ण वर्षाचा अदमास हवा. मोठ्या घोड्यांचंच भागता भागेना झालंय. परवडत असेल तर ठेवू, नाहीतर द्या रानात सोडून. पांजरापोळवाल्यांनी केव्हाच हात वर केलेत."

हेरंबराव धास्तावले. आता घोड्यांसाठी कुणी धास्तावत नाही हो, तेही अशा वर्षात. ते धास्तावले अहल्येसाठी.

अहल्या ही त्यांची एकुलती एक पोर, आठ वर्षांची. आदल्या वर्षी तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पायांतली शक्ती गेली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राही. वैद्य झाले, डॉक्टर झाले. शेवटी एक दिवस हेरंबरावांनी तिला उचललं, टांग्यात घातलं, मांजलपुरास नेलं आणि चारांतल्या सगळ्यात लहान घोडीवर, मिरीवर, बसवलं. मिरीनं मान वळवून तिचा पाय हुंगला. पोरगी हसली! महिन्याभरात ती आपल्या पायांनी आवारभर पळत होती. तेव्हापासून रोज सकाळी बापाबरोबर टांग्यातून तिथं जायचं, हा तिचा नेम. घोड्यांनाही फिरवायला हलकं माणूस मिळालं. आता ही घोडी रानात गेली तर पोर पुन्हा अंथरूण धरेल, ही हेरंबरावांची खात्री होती. आणि या खेपेला ती उठणार नाही, ही भीती होती.

तेव्हा अदमास लहान निघायला हवा होता. पण हेरंबराव लबाडी करणारे नव्हते. त्यांनी रीतसर सुरुवात केली. संध्याकाळी वजन करून गवत गव्हाणीत टाकायचं, सकाळी उरलेलं उष्टं काढून पुन्हा वजन करायचं, पायांखाली तुडवलं ते वेगळं धरायचं. घोडं लहान म्हणून पोट लहान असं नसतं; ठेंगू घोडं आपल्या अंगाच्या मानानं भरपूर खातं, आणि दिवसभर तोंड हलवत राहतं. पहिल्या काही दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की चौघं मिळून एका मोठ्या घोड्याएवढं खातात. हे जमण्यासारखं होतं. पण काठावरचं जमणं.

मग माघात उष्टं वाढायला लागलं.

आधी चार मुठी राहिलं. मग अर्धा भारा. मग एक दिवस टाकलं तेवढं सगळं तसंच. गव्हाणीतलं गवत रात्री जसं पसरलं होतं तसंच सकाळी पसरलेलं.

"खातच नाहीत हो, रावसाहेब," पिलाजी मोतद्दार म्हणाला. पिलाजी म्हातारा, भला माणूस. घोड्यांना खरारा करावा, तंबाखू मळावी, सावलीत लवंडावं, यापलीकडे जगाचा विचार न करणारा.

"मग वाळली का नाहीत?"

पिलाजीनं घोड्यांकडे बघितलं. हेरंबरावांनीही बघितलं. घोडी गुबगुबीत झाली होती. अंगावर तजेला असा की ऊन घसरून पडावं. तालुक्यातली जनावरं हाडांचे सापळे होऊन पडत होती, आणि ही चौघं लग्नाला निघाल्यासारखी उभी.

आता शहाण्या माणसानं इथं थांबावं की नाही? विचारावं की नाही, बाबा रे, हे काय चाललंय? पण नाही. हवं ते पदरात पडत असलं की माणूस झाकण उघडून बघत नाही. हेरंबरावांनी सरळ कानाडोळा केला. जयवंतरावांना जाऊन सांगितलं, "मी म्हणालो होतो त्याच्या निम्म्यातच भागेल." जयवंतराव खूश झाले. घोडी राहिली. हेरंबरावांचा जीव भांड्यात पडला.

पण तेवढ्यापुरताच. फाल्गुनात एके सकाळी त्यांना लीद दिसली.

गवतवाल्याला लीद वाचता यावी लागते. सुकं गवत खाल्लेल्या घोड्याची लीद पिवळट, सुकी, काड्याकाड्यांची असते. ही हिरवीगार होती. हेरंबरावांनी काडीनं फोडली. आतून कोवळ्या गवताचा वास आला, श्रावणात कुरणात येतो तसला, ओला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या मांजलपुरात हिरवं म्हणून एक पातं नव्हतं.

"पिलाजी, कुठं चरायला नेतोस यांना?"

"चरायला? अहो, झाडांच्या साली सुद्धा माणसांनी सोलून नेल्या. कुठं नेऊ?"

त्याच दिवशी घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या घरी ते पानावर बसले, तर त्यांच्या पत्नी कमळाबाई चिडलेल्या. "अहो, पोरीला जरा विचारा तरी. किती दिवस झाले, ताटाला शिवत नाही. आज तर भाकरी मोडलीसुद्धा नाही. लोक अन्नान्न करून मरताहेत आणि हिची ही थेरं!"

"भूक नाही," अहल्या म्हणाली. शांतपणे. तिचे गाल वर आले होते. दंड गोल झाले होते. हेरंबरावांना हे दिसत नव्हतं असं नाही; ते पाहून ते रोज मनातल्या मनात सुखावत होते. आज त्यांना ती हिरवी लीद आठवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीला आवारात सोडलं, पागेत कामाला जातो असं सांगितलं, आणि कुंपणामागे निंबाच्या खोडाआड उभे राहिले. ऊन चढलं. पिलाजी घोरायला लागला. भर दुपारी सगळं मांजलपूर चिडीचूप झालं तेव्हा चारही घोडी आवाराच्या मधोमध आली आणि माना खाली घालून चरायला लागली.

जमीन उघडी होती. भेगाळलेली, पांढरी. आणि गवत तुटल्याचा आवाज येत होता. कर्र, कर्र, कर्र. हेरंबरावांनी आयुष्यभर ऐकलेला तो आवाज. भरगच्च, गुडघाभर गवत घोड्यानं ओढून तोडल्याचा. घोडी चावत होती. त्यांच्या ओठांत काही दिसत नव्हतं. पण पोटऱ्यांपर्यंत पाय दंवानं भिजल्यासारखे ओले होते.

मिरीच्या पोटाशी अहल्या गुडघ्यांवर बसली होती. तीही हातानं काहीतरी खुडत होती, तोंडात घालत होती, सावकाश, अगदी चवीनं.

"अहल्या!" हेरंबराव ओरडले.

तिनं वर पाहिलं. बापाला ओळखायला तिला वेळ लागला. तो वेळ हेरंबराव मरेपर्यंत विसरले नाहीत.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही का नाही खात? एवढं आहे की."

त्यांनी कुंपण ओलांडलं, पोरीला खांद्यावर टाकलं आणि टांगा गाठला. तिच्या परकराची किनार ओलीचिंब होती. खरं सांगायचं तर माणूस घाबरला होता. ज्यांना राखण्यासाठी एवढा जिवाचा आटापिटा केला, तीच घोडी आपल्या पोरीला घेऊन चालली आहेत, हे त्यांना कळलं. कुठं, ते कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

तसेच ते जयवंतरावांकडे गेले. "मांजलपूरच्या गंज्या मोठ्या घोड्यांना न्या."

"आणि ती चार?"

"त्यांना गवत लागत नाही."

"चेष्टा करता की काय? मला अदमास द्या, हेरंबराव. वर्षाला किती धरू?"

"काही नाही. शून्य धरा."

जयवंतरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाड्या पाठवतो म्हणाले.

सकाळी हेरंबराव निघायच्या घाईत होते. अहल्येला आज न्यायचं नाही, एवढंच त्यांनी बजावलं. का, ते सांगितलं नाही. काय सांगणार होते? कमळाबाई चुलीपाशी होत्या. "जेवत नाही ना?" त्या म्हणाल्या. "आजपासून ताटच मांडत नाही तिचं. पोटात कावळे ओरडले की येईल मागायला." हेरंबरावांनी पायांत जोडे सरकवता सरकवता मान हलवली. बायकोचं बोलणं धड ऐकलंही नव्हतं त्यांनी.

मांजलपुरास गाड्या आल्या, गंज्या भरल्या, गेल्या. मग त्यांनी केरसुणी मागितली. पिलाजीची झोप खाडकन उडाली.

"रावसाहेब, गव्हाण झाडू नका. मूठभर तरी राहू द्या."

पागेची ही जुनी रीत, हेरंबरावांना ती लहानपणापासून माहीत. घोडं कामातून काढायचं असलं की त्याची गव्हाण कोरी झाडतात. इथलं तुझं दाणापाणी संपलं, आता तू मोकळा, असा तो निरोप. म्हणून ठाणावरच्या घोड्याची गव्हाण कधी साफ रिकामी करत नाहीत. चार काड्या का होईना, ठेवतात.

"निरोपच द्यायचाय," हेरंबराव म्हणाले.

एकेक गव्हाण त्यांनी स्वतः झाडली. घोडी मागे उभी राहून बघत होती. शेवटची मिरीची. कोपऱ्यातली काडी न् काडी निघाली, आणि केरसुणी ठेवायला ते वळले.

आवार रिकामं होतं.

फाटकाला आतून अडसर होता. धुळीत खुरांचे ठसे होते, मधोमधपर्यंत आलेले. पुढे नव्हते. पिलाजी रामनाम घ्यायला लागला.

हेरंबरावांना, खोटं कशाला बोला, हायसं वाटलं. गेली ब्याद! त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तंबाखूसाठी पिलाजीकडे हात केला. आणि हात तसाच राहिला, कारण कमळाबाईंचं सकाळचं बोलणं त्यांना आत्ता ऐकू आलं.

आजपासून ताटच मांडत नाही तिचं.

टांगेवाल्याला त्यांनी कधी शिवी दिली नव्हती, त्या दिवशी दिली. मांडवीखालची माणसं कशीबशी बाजूला झाली. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी उडी टाकली आणि धोतर सावरत घर गाठलं. आत दोन पानं मांडलेली. दोनच.

"पोरगी कुठाय?"

"असेल की मागच्या अंगणात. आता आलीच मागायला, तर..."

अहल्या अंगणात पाठमोरी उभी होती. कोरड्या फरशीवर दारापासून तिच्यापर्यंत ओली पावलं उमटली होती. एक पाय तिनं पुढे टाकायला उचलला होता, आणि तो पाय, देवाशपथ, हेरंबरावांना नीट दिसत नव्हता.

त्यांनी तिला कमरेतून उचललं. आत आणलं, आपल्या पानासमोर आपल्या मांडीवर दाबून बसवलं आणि भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं दात आवळले. त्यांनी जबडा धरून बोटानं दात उघडले. पोरगी ओरबाडत होती, कमळाबाई किंचाळत होत्या, "अहो, मारता काय तिला!" हेरंबराव रडत होते आणि कोंबत होते. "खा ग बाई. घरचं आहे. एक घास. एकच."

घास गेला. गिळला गेल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

मग मांडीवरचं ओझं हलकं व्हायला लागलं. हेरंबरावांच्या मुठीतला गुबगुबीत हात बारीक होत होत काडी झाला. गाल बसले. डोळे आत गेले. न जेवलेला एकेक दिवस त्यांच्या डोळ्यांदेखत पोरीच्या अंगावर येऊन बसला, आणि त्यांच्या मांडीवर मांडवीखालच्या मुलांतलंच एक मूल उरलं. पण दोन्ही पाय होते. धड, दिसणारे, मातीचे.

"आई," ती म्हणाली. "भूक लागली."

कमळाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग दोन्ही पानं तिच्यापुढे ओढली. आपली भाकरी दिली, नवऱ्याची दिली. तिनं दोन्ही हातांनी खाल्लं, बोटं चाटली, पान चाटलं.

"अजून," ती म्हणाली.

उतरंडीतलं काढलं. रात्रीसाठी ठेवलेलं काढलं. तेही गेलं.

"अजून, आई."

हेरंबराव पोरीला घट्ट धरून बसले होते. घरात आता काही उरलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. कमळाबाईंनी जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. त्यांनी वाडगा उचलला, डोक्यावरून पदर घेतला आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.