गप्प बसण्याची परीक्षा

लोर्नाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हात मोकळे राहिले की आपलं तोंड सुटतं, हे तिला ठाऊक होतं. काचेच्या पलीकडून प्राध्यापक ऑस्ट्रोव्स्की बघत होत्या. समुपदेशनाच्या पदवीच्या या प्रात्यक्षिक परीक्षेत लोर्ना आधी एकदा नापास झाली होती, कारण काय, तर नुसतं ऐकून घ्यायचं सोडून सल्ला दिला. आज पुन्हा घसरली, तर खऱ्या माणसांसमोर बसायचं स्वप्न इथेच संपणार होतं.

समोर तिच्याच वर्गातली, मुलीच्या वयाची ब्रियाना गाऱ्हाणं सांगायला बसली होती. नियम असा, की गाऱ्हाणं खोटं आणायचं नाही, स्वतःचंच एखादं लहानसं आणायचं.

"आईचा फोन मी उचलत नाही," ब्रियाना म्हणाली. "म्हणजे, उचलवतच नाही."

लोर्नाची मुलगी टेससुद्धा कितीतरी दिवस फोन उचलत नव्हती. का गं उचलत नाहीस? काय केलंय त्या बिचारीने? प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन बसला. तो ब्रियानासाठी नाही, आपल्याचसाठी आहे हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तो गिळणं जिवावर आलं.

"उचलवत नाही," ती एवढंच म्हणाली. बुटातली बोटं मात्र वळवळत होती.

"काहीही सांगा, तिच्याकडे उपाय तयार! नोकरी गेली म्हटलं, तर अर्ज कुठे करायचा ते सांगत बसली. वाईट वाटलं का, हे विचारायला सवडच नाही बाईला."

लोर्ना गप्प बसली. कशी बसली ते तिचं तिलाच माहीत.

"कमाल केलीत हो आज!" ऑस्ट्रोव्स्की बाहेर येऊन म्हणाल्या. "पास."

लोर्नाने मान डोलावली. आनंद काही होईना.

गाडीत बसून तिने टेसला फोन लावला. नेहमीप्रमाणे निरोप ठेवायची सूचना आली. एरवी तिने बर्फातल्या रस्त्यांपासून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांपर्यंत सगळं ऐकवलं असतं. आज तिला एक शब्द सुचेना. थोडा वेळ नुसताच श्वास घेऊन तिने फोन ठेवला.

गाडी सुरू करते न करते तोच फोन वाजला.

"आई! काय झालं? पडलीबिडलीस का? बोलली का नाहीस काही?"

लोर्नाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"काही नाही गं झालं."

गाडीचं ऑइल बदललंस का, हे विचारायला तोंड उघडलंच होतं. तिने ते मिटून घेतलं.

"आई, मी आणि डेव्हिन वेगळे झालो. मागच्याच महिन्यात."

लोर्नाने गाडी बंद केली.