अकरा नंबरचा पंच

देवरावने तारेचा ब्रश गर्डरवर घासला, तसा पिवळा रंग पापुद्र्यांनी गळू लागला. खाली जुना लाल रंग, त्याच्याखाली लोखंड. जोडाशेजारी ठोकलेला आकडा उघडा पडला तेव्हा टपरीवरून आलेला चहा अजून गरम होता. त्याने चष्मा सदऱ्याला पुसून परत लावला, आकड्यावरून अंगठा फिरवला. सातच होता.

चंद्रपूरच्या त्या लहानशा क्रेन कारखान्यात प्रत्येक वेल्डरला नंबराचा पोलादी पंच मिळायचा. जोड मारला की शेजारी आपला नंबर ठोकायचा, मग रंग. सात नंबर फोरमनचा, म्हणजे खुद्द देवरावचा. इसरूचा अकरा.

ऐंशी सालच्या दिवाळीत ही क्रेन जंगलातल्या लाकूड आगारावर गेली, आणि तीन महिन्यांत हाच जोड उकलला. सागाचा ओंडका खाली आला, एका हमालाचा पाय गेला. साहेबांनी विचारलं, जोड कुणाचा? देवरावने रजिस्टर उघडलं. या गर्डरपुढे इसरूचं नाव होतं.

"शेवटचा जोड माहा नाई, देवरावभाऊ," इसरू कळवळून म्हणाला होता. "तो मारला त्या सोळा ऑक्टोबरले मी इथच्या दीक्षाभूमीवर होतो. तुम्हीच तं सुट्टी देल्ली. रंग खरवडून पाहा, नंबर दिसन."

"कोन जाते आता जंगलात रंग खरवडाले? लिहून हाये ते हाये."

झालं! आगारवाल्यांनी जोडावर लोखंडी पट्टी मारून काम चालवलं आणि इकडे साहेबांनी इसरूला कामावरून काढलं. आपला पंच देवरावच्या टेबलावर ठेवून तो निघून गेला. पाय तोडणारा वेल्डर म्हणून त्याचं नाव असं पसरलं, की चंद्रपुरात त्याला कुणी दारात उभं केलं नाही.

आता सहा वर्षांनी क्रेन दुरुस्तीला परत आली होती, पट्टी कापून निघाली होती. देवरावला सगळं आठवलं. माल रवाना करायची घाई, इसरू सुट्टीवर, आणि चिडचिड करत आपणच हाती घेतलेलं ते काम. आठवलं कसलं, विसरलाच कुठे होता तो! तेव्हा जंगलात जायला पाय का उचलला नाही, हे त्याला आज पुरतं कळलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

साहेबांना त्याने दुपारीच सांगून टाकलं.

"जुनी गोष्ट झाली, देवराव. जाऊ द्या," साहेब म्हणाले.

पण गोष्ट जाईना. दुसऱ्या दिवशी टेबलाच्या खणातला पंच रुमालात गुंडाळून त्याने इसरू आता राहत होता त्या आरमोरीची एसटी धरली.

बाजाराच्या टोकाला टिनाच्या छपराखाली इसरू नांगराचा फाळ सांधत होता. केस पार पांढरे झाले होते.

"या भाऊ, बसा," काल भेटल्यासारखा तो म्हणाला. त्याच्या बायकोने, बायनाबाईने, तांब्या पुढे केला आणि आत गेली.

देवरावची नजर भिंतीला टेकवलेल्या सामानावर गेली. बंडीचा आस, लोखंडी फाटक, एक खाट. प्रत्येक जोडाशेजारी छिन्नीने खणलेल्या दोन उभ्या रेघा होत्या. अकरा.

"हे काऊन करतं, इसरू?"

"दुसऱ्याचं काम पुन्हा माह्या नावावर नोको याले."

देवरावने रुमाल सोडून पंच ऐरणीवर ठेवला.

"तो जोड माहा होता, इसरू. सात नंबर हाये तिथी. काल पाह्यलो. साहेबालेही सांगतलं. माह्यं चुकलं."

इसरूने पंचाला हात लावला नाही. फाळ उलटा करून त्याने जोडावरची खपली ठोकून काढली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"रंग खरवडाले किती वेळ लागला, भाऊ?"

निदान आता तरी देवरावला खोटं बोलायचं नव्हतं.

"दहा मिनिटं."

इसरूने छिन्नी उचलली, हातोडा घेतला आणि फाळावर दोन उभ्या रेघा खणल्या. पंच ऐरणीच्या कडेला तसाच पडून राहिला.