एका कॉइनचे दोन हात

पोस्टर पाठवलं राजसीने, आणि खाली लिहिलं, "आई, मामा बघ! बादशाह म्हणे!"

अनुया तेव्हा प्रयोगशाळेत होती. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत ती एकोणीस वर्षं नमुने तपासत होती, आणि कामाच्या वेळी फोनला हात लावायचा नाही हा तिचा नियम होता. त्या दिवशी तो मोडला. पोस्टरवर ज्वाळा होत्या, ज्वाळांमध्ये सतरा वर्षांचा उन्मेष आणि त्याच्यापुढे व्हिडिओ गेमचं मशीन. "कॅम्प दोनचा बादशाह परत येतोय! १९९७ची ती मॅच, पुन्हा एकदा! उन्मेष विरुद्ध हितेश. रविवार, दुपारी चार." खाली अंबरनाथ पूर्वेला उघडणाऱ्या एका गेमिंग कॅफेचा पत्ता, आणि भागीदारांमध्ये उन्मेषचं, तिच्या भावाचं, नाव.

तिने चित्र मोठं केलं. एक हात जॉयस्टिकच्या दांड्यावर होता, दुसरा बटणांवर. बटणांवरच्या हाताला घड्याळ होतं, पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला. आणि दोन्ही हातांचे अंगठे उजवीकडे होते.

म्हणजे पोस्टरवरच्या माणसाला दोन डावे हात होते. छापणाऱ्याला दिसलं नव्हतं, भावाला दिसलं नव्हतं, लेकीलाही दिसलं नव्हतं. अनुयाला दिसलं, कारण त्यातला एक तिचा होता.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात उन्मेष सायकलवरून पडला आणि त्याच्या उजव्या हाताला प्लास्टर लागलं. सुट्टी सगळी पुढे पडली होती आणि उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या चेलारामच्या पार्लरमधलं ते मारामारीचं मशीन त्याला स्वस्थ बसू देत नव्हतं. मशीनवरचं इंग्रजी नाव केव्हाच सोलून निघालं होतं, सगळे त्याला नुसतं 'फायटर' म्हणत. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहायचे आणि एक आडवा होईपर्यंत एकमेकांना मारायचे. उन्मेषने नववीत गेलेल्या बहिणीला सोबत नेलं. दांडा त्याच्या डाव्या हातात, बटणं तिच्या. ती डावखुरी, त्याच्या उजव्या अंगाला खेटून उभी.

पोरांनी गिल्ला केला होता. सगळ्यात मोठा हितेशचा. बदलापूरच्या पलीकडल्या गावातून तो फक्त ह्या मशीनसाठी यायचा आणि तोवर एकदाही हरला नव्हता. "चाचा, हे दोघा मिलून खेलतान!"

चेलाराम गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "एक कॉइन में दो हाथ. किसके हैं, वो मैं देखूँ?"

तो नियम झाला. पुढचे सहा आठवडे दोघं हरली नाहीत. हितेशला त्यांनी वीस-पंचवीस पोरांसमोर लोळवलं, त्याच दिवशी कुणीतरी फोटो काढला. मूळ फोटोत उन्मेषचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि शेजारी दोन वेण्यांची मुलगी होती. पोस्टरमध्ये झोळीवर काळा धूर आला होता आणि मुलीच्या जागी ज्वाळा. हात तेवढा ठेवला होता.

संध्याकाळी तिने फोन केला.

"पोस्टर बघितलं."

"कसंय? आमच्या पुष्करने केलंय. जबरी पोरगा आहे."

"तुला दोन डावे हात आहेत त्यात."

"अगं, कोण बघतंय एवढं!"

"मी बघितलं."

"बरं, तू बटणं दाबायचीस, मान्य. पण कुठलं कधी दाबायचं ते मीच सांगायचो ना, अनू?"

"एकदाही सांगितलं नाहीस. सांगायला वेळ कुठे असायचा?"

"मग काय करू? जोडी छापू? राजा एकच असतो, तेच चालतं. बहिणीला बटणं दाबायला लावायचा म्हटलं तर लोक दात काढतील."

"माइकवर एक वाक्य बोल. बटणं अनुयाची होती. बास."

"तू ना, अजून तेच उगाळत बसलीयेस."

"उगाळलंस तू. छापून."

त्याने फोन ठेवला.

ती त्याला 'दादा' म्हणत नसे. नातेवाइकांना वाटे, शिकलेली आहे, नव्या पद्धतीची. खरं कारण सत्त्याण्णवच्याच जूनमधलं होतं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये बाबांच्या कानावर गेलं, की तुमची मुलं कॅम्पात जुगारासारखं काहीतरी खेळतात. त्यांनी दोघांना समोर उभं केलं. उन्मेष म्हणाला, "हीच ओढून न्यायची मला. मी काय, एका हाताचा. सगळं हीच खेळायची." बाबांनी आयुष्यात तिला एकदाच मारलं, ते तेव्हा. त्या दिवशी सगळा खेळ तिचा होता. आता सगळा त्याचा झाला होता. दोन्ही वेळा सांगणारा उन्मेषच.

रविवारी ती राजसीला घेऊन गेली. कॅफेत नव्या रंगाचा वास, भिंतीवर मोठे पडदे, आणि मधोमध काचेच्या कठड्यात ते मशीन. चेलारामच्या मुलाकडून आणून रंगवलेलं. दांड्याचा लाल गोळा तोच होता, एका बाजूने झिजलेला. साठ-सत्तर माणसं जमली होती. कॉलेजची पोरं, आणि पोट सुटलेले, केस गेलेले बरेच जण, जे तेव्हा पोरं होते.

उन्मेषने तिला पाहिलं आणि तोंडभर हसला. "आलीस! राजसी, बस पुढे, मामाची कमाल बघ." मग आवाज खाली आणून, "इथे तमाशा करू नकोस."

"तू करणार नसशील तर नाही करत."

हितेश उशिरा आला. आता त्याचे चार जेसीबी आणि बदलापूरला दोन इमारती होत्या. त्याने हारतुऱ्याला हात दाखवून नको म्हटलं आणि गर्दीवर नजर फिरवली. ती अनुयावर थांबली.

"तुमी आल्या ताई? बरा झाला. मना वाटला, हा तुमाला आनायचा नाय."

पुष्करने माइकवर आरडाओरडा केला आणि मॅच सुरू झाली. उन्मेषने 'कोळीण' घेतली, कमरेला घट्ट कापड बांधलेली ती बाई, त्यांची जुनीच. हितेशने 'पैलवान'. उन्मेष महिनाभर फोनवर सराव करत होता, ते दिसत होतं. त्याचा दांडा अजून चांगला होता. कोळीण सरकायची, बसायची, उडी चुकवायची. पण तिचा मोठा वार म्हणजे दांडा खालून पुढे अर्धा फिरवायचा आणि तो पुढे टेकतो त्याच क्षणी बटण. उन्मेषचा उजवा हात दर वेळी पाव सेकंद मागे राहत होता. तेवढ्यात पैलवान तिला आपटत होता. दोन डाव, दोन्ही हितेशचे. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"ए बादशाह, तख्त कुठाय रे?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा झाला.

उन्मेषच्या मानेवर घाम होता. तो टॉवेल घ्यायला वळल्यासारखा अनुयाजवळ आला. "ये ना. बटणं घे. गंमत म्हणून आलीस असं सांगतो."

"माइकवर सांग."

"नंतर सांगतो. आईची शपथ."

"आत्ता."

त्याचा जबडा हलला. "तू अशीच आहेस. कोत्या मनाची." आणि तो परत गेला.

तेव्हा हितेशने खिशातून एक कॉइन काढला आणि पडद्याच्या काचेखालच्या पट्टीवर ठेवला. जुन्या लोकांना त्याचा अर्थ माहीत होता. पुढची मॅच माझी, आणि ज्याच्यासाठी ठेवलाय त्याने मागे हटायचं नाही.

"ह्याला एकट्याला हरवून काय उपेग?" तो माइकशिवायच बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी ह्याच्याशी हरलोच नवतो. ह्याचा हात पलास्टरमधी होता. अठ्ठावीस वरसा गावात माजी मस्करी झाली, पोरीशी हरला म्हनून. मना ती मॅच परत पायजे. ताई, या. एका कॉइनला दोन हात."

सत्तर माणसं तिच्याकडे बघू लागली. उन्मेषने माइक पकडला, आणि क्षणभर अनुयाला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "चला, चला! स्पेशल राउंड! बादशाहसोबत बादशाहची लाडकी बहीण!"

राजसीने टाळ्या वाजवल्या. अनुया मशीनपाशी गेली आणि त्याच्या उजव्या अंगाला उभी राहिली.

बटणांना हात लागला आणि बोटं आपली आपण बसली. ह्याचाच तिला राग आला. पहिल्या डावात दोघं एक शब्द बोलली नाहीत. तो दांडा फिरवायच्या आधी त्याचा खांदा जरासा खाली यायचा आणि श्वास अडकायचा. तिला तो खांदा दंडाला कळायचा, आणि बोट पडायचं. पैलवान एकदा उडाला. दुसऱ्यांदा उडाला. तिसऱ्यांदा हितेशने दातांतून शिवी घातली. डाव त्यांचा झाला, निम्म्याहून जास्त जीव शिल्लक ठेवून. कॅफे दणाणून गेला.

"बघितलंत?" उन्मेष मान मागे वळवून ओरडला, दांडा हातातच. "मी शिकवलेलीय! माझा हात समजा तिला!"

दुसरा डाव सुरू झाला.

अनुया रोज एक काम करत असे, ज्याचं कुणी कौतुक करत नाही. नमुना तपासायच्या आधी ती एक रिकामी चाचणी लावायची. सगळं तेच, फक्त ज्याच्याबद्दल शंका आहे तेवढा एक पदार्थ घालायचा नाही. मग जे दिसतं, किंवा दिसत नाही, त्यावर वाद घालता येत नाही.

उन्मेषचा खांदा खाली आला. श्वास अडकला. तिने हात उचलला आणि खांद्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा धरला.

कोळीण पुढे गेली आणि नुसती उभी राहिली. पैलवानाने तिला मारलं. ती मागे सरकली, बसली, उठली, पुन्हा पुढे गेली, पुन्हा नुसती उभी. उन्मेष दांडा गरागरा फिरवत होता. "मार! अनू, मार ना! काय करतेयस!" आपला उजवा हात बटणांवर न्यायचंही त्याला सुचलं नाही. गर्दीतला आवाज आधी कमी झाला, मग बंद. सगळे पडद्याकडे नाही, वर धरलेल्या त्या हाताकडे बघत होते. मग भिंतीवरच्या पोस्टरकडे. मग परत हाताकडे.

"ए," कुणीतरी हळूच म्हणालं, "पोस्टरमध्ये दोन्ही डावेच आहेत की."

कोळीण आडवी झाली.

"का काढलास हात?" उन्मेषचा आवाज चिरकला.

"दाखवायला."

"माझं दुकान आहे हे! पहिला दिवस आहे माझा!"

"माझाही एक दिवस होता. बाबांसमोर."

तो माइक खाली आदळून मागच्या खोलीत गेला. अनुयाला वाटलं होतं, असं झालं की छाती मोकळी होईल. तसं काही व्हायच्या आत हितेशने मशीनवर थाप मारली.

"ताई, त्याचा हिसाब झाला. माजा काय? मी मॅच मांगली, तुमी हात वर करून उभ्या. मना फुकटचा डाव दिला. तेव्हा मी पोरीशी हरलो, आता पोरीनी सोडला म्हनून जिकलो. हां?"

ह्या माणसाला तिने आपल्या चाचणीत वापरलं होतं, न विचारता.

हितेशने दुसरा कॉइन पट्टीवर ठेवला. "एकट्या खेला. दांडा पन तुमीच घ्या. बघू, ती मॅच केवडी तुमची होती."

"आई, चल ना घरी," राजसी कुजबुजली.

पण चाचणी अर्धीच झाली होती, हे अनुयाला तिथल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. हात काढला तर काय होतं ते दिसलं. दुसरा हात काढला तर काय होतं ते तिने आयुष्यात तपासलं नव्हतं. दांड्याला ती कधी शिवलीच नव्हती.

ती मशीनच्या मधोमध उभी राहिली. दांडा डावीकडे होता आणि तिचा जाणता हात, डावा, तर बटणांचा. तिने डावा हात उजवीकडे बटणांवर नेला, त्याच्याखालून उजवा हात डावीकडे दांड्यावर. हातांची फुली झाली. मागे पोरं खिदळली.

"ए, ताई दोरखंड वळतायत!"

पहिला डाव अकरा सेकंदांत गेला. कोळीण भिंतीशी जाऊन खाली बसली आणि उठलीच नाही. तिचं बोट अजूनही कुणाच्या तरी खांद्याची वाट बघत होतं. हितेशने दया दाखवली नाही, आणि त्याबद्दल तिला बरं वाटलं. दुसरा डाव चौदा सेकंद.

मागच्या खोलीच्या दारात उन्मेष उभा होता. तो हसत होता, मोठ्याने, सगळ्यांनी वळून बघावं असा. "आता कळलं? आता कळलं का कोण खेळायचं?"

"अर्धं," अनुया त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुलाही तेवढंच."

त्याचं हसणं थांबलं नाही, पण लोक आता त्याच्यासोबत हसत नव्हते.

हितेश निघायला वळला होता. अनुयाने काउंटरवर जाऊन एक कॉइन मागितला. पुष्करने मागच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दिला. तिने तो काचेखालच्या पट्टीवर ठेवला, हितेशच्या बाजूला.

"सतरा सेकंद टिकाल?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि पुन्हा हातांची फुली केली.