कोठीवाल्यांचं नाक

"ते मागे ठेवलेलं द्या," कोठीवाले म्हणाले.

चिकनच्या दुकानात ओटा धुवायला काढला होता. खाटकाने निथळत्या हातांनी कोपऱ्यातला ट्रे पुढे सरकवला. माना, पंख, पाठीचे तुकडे. दिवसभरात कुणी न उचललेलं, म्हणून निम्म्या भावात.

"सकाळचंच आहे," खाटीक म्हणाला. "पण तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही आपलं बघून घ्या."

कोठीवाले ट्रेवर वाकले, डोळे मिटले आणि सावकाश श्वास ओढला. शेजारची दोन गिऱ्हाइकं कौतुकाने बघत होती.

काहीच आलं नाही. मांसाचा नाही, ओल्या लाकडाचा नाही, ओट्यावर नुकत्याच ओतलेल्या फिनेलचासुद्धा वास नाही. ताप उतरल्यापासून गेले एकवीस दिवस हे असंच चाललं होतं.

त्यांनी बोटाने एक तुकडा दाबून पाहिला. पिशवी पुढे केली.

"बांधा."

मुलींच्या एका वसतिगृहाची कोठी त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली होती. अडीचशे पोरींच्या दोन वेळच्या जेवणाचं सामान त्यांच्या नाकाखालून आत जायचं. पिठाच्या पोत्यात हात न घालता ते सांगत, वरचं ताजं आहे, खाली जुनं भरलंय. तेलाचे डबे फक्त झाकणाशी हुंगून त्यांनी एकदा सगळी गाडी परत पाठवली होती. व्यापारी चिडला, तावातावाने एक डबा फोडला आणि आतल्या तेलाचा खवट वास येताच गाडी घेऊन निघून गेला. कोठीवाले हे नाव तेव्हाचं. निवृत्त झाले तरी ते चिकटून राहिलं.

पुढे मुलगा कामाला होता तो कारखाना बंद पडला आणि त्याला निम्म्या पगारावर दुसरीकडे लागावं लागलं, तेव्हा घरचा स्वयंपाक कोठीवाल्यांनी आपणहून हातात घेतला. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. सून औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायची, रोजावर. संध्याकाळी बाजार उठताना कोठीवाले बाहेर पडत. चेपलेले डबे, तडकलेली अंडी, कणी तांदूळ, एका बाजूने नरम पडलेले टोमॅटो. यातलं चांगलं कुठलं आणि टाकाऊ कुठलं, हे नाक सांगायचं. शेजारच्या घरात दोन माणसांना जेवढं लागतं, तेवढ्यात ते चौघांचं भागवत, आणि पानात पाणचट काही नसे. सुरुवातीला सुनेला लाज वाटायची. नंतर ती कंपनीत मैत्रिणींना सांगू लागली, "आमच्याकडे फ्रीज नाही, बाबा आहेत."

ताप आला, दहा दिवस राहिला आणि गेला. अकराव्या सकाळी चहा नुसता गरम आणि गोड लागला. त्याच आठवड्यात ते शेगडीजवळ बसलेले असताना दूध करपून पातेलं काळं झालं. सून बाहेरून धावत आली.

"बाबा, वास नाही आला तुम्हाला?"

"डुलकी लागली गं," ते म्हणाले.

खोटं बोलण्याची सवय नव्हती, तरी ते सहज तोंडून निघालं. दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला. लवंग, मेथ्या, हिंग. हिंगाचा डबा तर नाकाला लावूनच धरला. येईल परत, सर्दीसारखंच असेल, असं ते मनाला समजावत राहिले. आणि सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगणार? हे नाक काढून घेतलं तर या घरात आपण उरतो किती, हा विचार त्यांना पुरा करवत नव्हता.

चिकनचा त्यांनी पातळ रस्सा केला. मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता. जेवायला तिघंच होते, ते, सून आणि पाच वर्षांची छोटी.

सुनेने पहिला घास घेतला आणि थांबली.

"बाबा, जरा आंबूस वाटतंय का हो?"

कोठीवाल्यांचा हात ताटातच राहिला.

"तुम्ही बघूनच आणलंय ना?"

"हो."

"मग झालं. मलाच सर्दी होतेय बहुतेक," ती म्हणाली आणि छोटीला भरवू लागली.

त्यांनी मान खाली घालून जेवण संपवलं. आपल्याला काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं. तोंड उघडायला पुरेसा वेळही होता. छोटीने दोनदा रस्सा मागून घेतला, तेव्हाही होता.

सकाळी छोटीला उलट्या सुरू झाल्या. सुनेलाही झाल्या, पण ती उभी राहू शकत होती. दहा वाजेपर्यंत छोटी इतकी मलूल झाली, की हाक मारली तरी डोळे उघडेना. कोठीवाल्यांना स्वतःला काही झालं नव्हतं. त्यांनीच तिला खांद्यावर घेऊन रिक्षात बसवलं.

दवाखान्यात सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं?"

"नाही हो," सून म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. "घरचंच खातो आम्ही. आमचे बाबा स्वतः पारखून आणतात सगळं. त्यात फसायचे नाहीत ते."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. कोठीवाले भिंतीला टेकून उभे होते. ती बाहेर बाकावर येऊन बसली, तेव्हा तेही शेजारी बसले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"कसला?"

"कसलाच. तापापासून."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. समोरून एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. ती वळणाआड गेली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मग सून हळूच म्हणाली.

"हो. विचारलं होतंस."

तिचा आवाज चढला नाही.

संध्याकाळी तिनेच डॉक्टरांना त्यांना तपासायला सांगितलं. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही.

"येईल का परत?" सुनेने विचारलं.

"काहींचा येतो. वाट बघायची."

"गोळी, औषध काही?"

"तसं खात्रीचं काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

छोटी तिसऱ्या दिवशी घरी आली आणि आठवड्याभरात पहिल्यासारखी हुंदडू लागली. सुनेचा पाच दिवसांचा रोज बुडाला होता. मुलाने रविवारचीही ड्यूटी मागून घेतली. बाजार सुनेकडे गेला. कामावरून येताना ती मोठ्या दुकानातून बंद पाकिटं आणू लागली, आणि सामान महिन्याच्या बाविसाव्या-तेविसाव्या दिवशीच तळाला जाऊ लागलं. कोठीवाल्यांना उपाय दिसत होते. ओळीने वीस उपाय सांगता आले असते. पण प्रत्येकात कुठे ना कुठे नाक लागत होतं, आणि ज्यात लागत नव्हतं ते सगळे आधीच करून झाले होते.

स्वयंपाक मात्र तेच करत राहिले. फोडणी डोळ्यांनी बघून, मीठ चमच्याने मोजून.

एका रविवारी मुलगा ड्यूटीवरून दुपारी तीनला आला. त्याच्यासाठी सगळे थांबले होते. तेवीस तारीख होती. पातेल्यात भात बेताचाच होता. कोठीवाल्यांनी सगळ्यांची ताटं वाढली आणि स्वतःच्या ताटात दोन चमचे घेऊन पातेलं झाकलं.

"एवढंच?" मुलगा म्हणाला.

"मला आता लागतंय कुठे? चवच कळत नाही, तर उगाच कशाला वाया घालवायचं?"

ते अगदी सहज बोलले. ही एक बचत त्यांनी पंधरा दिवसांपासून सुरू केली होती, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नसावी असं त्यांना वाटत होतं.

सून जागची उठली. झाकण बाजूला केलं, पळी भरून भात त्यांच्या ताटात घातला, वर डाळ ओतली. मग आणखी एक पळी.

"जेवा," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. जागेवर जाऊन ती आपल्या ताटातला भात कालवू लागली.

कोठीवाले ताटावर वाकले. भाताची वाफ चेहऱ्याला लागली. गरम होती.